येता-जाता : खाऱ्या मुलखातले गोडे बेट

वाचकहो, मागची ती तांबूस रंगाची विसाची नोट आठवते? तिच्या पाठीवर नारळीची झाडे होती, आणि झाडांच्या फटीतून दिसणारी समुद्राची पट्टी होती. भाजीवालीला पैसे देताना नोटेची पाठ कोण पाहतो म्हणा! पण ते चित्र खऱ्या जागेचे. अंदमानात माउंट हॅरिएट नावाचा डोंगर आहे. २०२१ पासून त्याला माउंट मणिपूर म्हणतात. त्याच्या उतारावरून खाली पाहिले म्हणजे नारळी, दीपगृह आणि निळे पाणी दिसते, तेच दृश्य नोटेवर घेतले होते. म्हणजे ज्या बेटावर आपण उभ्या जन्मात पाऊल ठेवले नाही, त्याची टेकडी आपण वर्षानुवर्षे खिशात घालून हिंडत होतो.

आता मंडळी खरोखरच तिकडे जाऊ लागली आहेत. आमच्या जुन्या शहरात भाऊबीज आटोपली, की कोणी ना कोणी नागपूर गाठतो आणि विमानात बसतो. आठ दिवसांनी परततो, आणि जयहिंद चौकात उभा राहून मोबाईलवर बोट सरकवीत दीडशे छायाचित्रे दाखवतो. शेजारधर्म म्हणून ती सगळी पाहावी लागतात. शेवटचे वाक्य ठरलेले असते : "नाही तं आपल्या वऱ्हाडात काय आहे जी पाहण्यासारखं? ना समुद्र, ना बेट. जिकडं पाहा तिकडं काळी माती!"

समुद्र नाही, हे कबूल. पण बेट आहे. अकोल्यापासून पासष्ट-सत्तर किलोमीटरवर, सकाळी निघून दिवेलागणीला परत येता येईल इतक्या जवळ. त्याचे नाव नरनाळा.

भूगोलाचे गुरुजी लगेच छडी उगारतील. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग. नरनाळ्याच्या मागे तर उत्तरेला सारा सातपुडा पसरलेला. मग बेट कसले? त्यांना आमचे इतकेच सांगणे, की त्यांनी एकदा दक्षिणेकडून, पूर्णेच्या खोऱ्यातून, उन्हात, तहानलेल्या घशाने या डोंगराकडे जावे. वाटेत त्यांना समुद्राइतके नसले तरी चांगलेच खारे पाणी लागेल. फक्त ते डोळ्यांना दिसणार नाही, कारण ते जमिनीखाली आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, यांच्या मधून पूर्णा वाहते. हजारो वर्षांच्या गाळाने तिचे खोरे भरले आहे. माती काळी, चिकट, खोलच खोल. तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही. क्षार आत साठून राहतात. त्यामुळे अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या आठ-नऊशे गावांत विहीर खणली की खारे पाणी लागते. यालाच आम्ही खारपाणपट्टा म्हणतो. वर कपाशी, तूर, हरभरा पाहून डोळे निवतात. खाली हात घातला तर ओंजळीत मीठ!

यंदा आम्ही पाचजण निघालो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले मामाजी, आमच्या वहिनी, शेजारच्या काकू, कॉलेजात जाणारा भाचा आणि प्रस्तुत लेखक. भाड्याची मोटार, फराळाचे डबे, शिवाय काकूंच्या आग्रहाखातर भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी. काकूंचे म्हणणे असे की चकली-अनारशांवर डोंगर चढत नाही. अनुभवाअंती ते खरे ठरले.

पहाटे राजराजेश्वराला बाहेरूनच हात जोडले. डाव्या हाताला असदगडाची भिंत अंधारात उभी होती. औरंगजेबाच्या अमदानीत, १६९७ च्या सुमारास, असदखानाच्या नावाने हा कोट उभा राहिला. मोर्णा ओलांडून अकोटच्या रस्त्याला लागलो तेव्हा भाच्याने रेल्वेचा विषय काढला. अकोल्याहून अकोट-खंडव्याकडे जाणारी लहान रुळांची गाडी आमच्या पिढीच्या आठवणीतली. धुळघाटाला ती डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळावरून पार होत असे, आणि खिडकीतून मुले ते पाहण्यासाठी ओणवी होत. अकोला-अकोट हा तुकडा २०१७ साली बंद झाला आणि २०२२ साली मोठ्या रुळांचा होऊन सुरू झाला. पण अकोटच्या पुढे जंगल येते, वाघाचे राज्य येते, म्हणून नवी लाईन जंगलाला वळसा घालून न्यायची ठरली. मामाजी म्हणाले, "पूर्वी गाडी डोंगराला वळसा घालायची, आता वाघाला घालते. एकूण वळसा काही चुकत नाही."

गांधीग्रामला पूर्णा लागली. अकोल्याच्या माणसाला या घाटाची ओळख करून द्यावी लागत नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी जुन्या शहरातले आणि नव्या शहरातलेही तरुण इथे येतात, कावडीची भरणी पूर्णेच्या पाण्याने भरतात आणि खांद्यावर वाहत, अनवाणी, अठराएक किलोमीटर चालून राजराजेश्वराला अभिषेक करतात. शेकडो भरण्यांच्या कावडी निघतात. रस्ता दुथडी फुलतो. पाणी खांद्यावरून वाहून आणण्याचा मान काय असतो, हे आमच्या शहराला कोणी शिकवायला नको.

पूर्णा ओलांडली आणि चोहोट्टा बाजाराच्या अलीकडे एका खेड्यापाशी मोटारीचे इंजिन तापले. चालक त्याच्या उद्योगाला लागला. आम्ही पाणी मागायला जवळच्या घराशी गेलो. ओट्यावर एक आजीबाई तुरीच्या शेंगा सोलीत बसल्या होत्या.

"पाणी भेटन काय जी, आजी?"

"देतो न बाप्पा. पण तुमच्यानं पेल्या जाईन काय? अकोल्याचे दिसता."

भाच्याने पेला तोंडाला लावला आणि घोट तोंडातच धरून ठेवला. गिळवेना आणि थुंकणे बरे दिसेना. आजी खळखळून हसल्या. "थुक, थुक! तुले सवय नाही. आमची जलमाची सवय."

मग बोलता-बोलता कळले की जन्माची नव्हे, लग्नापासूनची. त्यांचे माहेर डोंगराच्या पायथ्याचे. "तथी विहिरीचं पाणी साखरेवानी. अथी नांदाले आली अन् पह्यल्या दिवशी वरन लावलं. दोन घंटे झाले तरी डाय काही शिजेना. सासूबाई म्हने, पोरगी आयशी आहे. मी काहून आयशी असन? पाणीच तसं!" त्यावर वहिनी हसल्या, पण पुढचे ऐकून गप्प झाल्या. "पोराच्या लग्नाले चार वर्सं पोरगी पाह्यली. वावर पाहे, घर पाहे, अन् विहिरीचं पाणी चाखलं की पाहुना उठे."

नळ आला आहे, असेही त्यांनी सांगितले. सातपुड्यातल्या वान नदीवर वारीजवळ धरण आहे. त्या पाण्यावर चौऱ्याऐंशी खेड्यांची योजना चालते. अकोट-तेल्हाऱ्याच्या खारपाणातल्या गावांना ती मोठीच सोय. "पण येते तवा येते," आजी म्हणाल्या. "आला त दिवाई, नाही त हेच." निघताना त्यांनी आत जाऊन एक रिकामा पाच लिटरचा डबा आणला आणि जरा संकोचून पुढे केला. "गडाकडं चाल्ले तं येतांनी पायथ्याच्या विहिरीचं एवढं पाणी आणसान काय?"

डबा काकूंनी मांडीवर घेतला.

अकोट मागे पडले आणि पोपटखेडचा रस्ता धरला तसतसा मुलूख बदलू लागला. काळी माती संपून गोटे आणि वाळू दिसू लागली. संत्र्यांच्या बागा, केळी, पानमळे, मधूनच पानपिंपळीचे वेल. पानपिंपळी हे पायथ्याच्या अकोट-अंजनगाव भागातले जुने आणि नाजूक पीक. औषधात जाते, आणि सावली व गोडे पाणी यांवाचून एक दिवस राहत नाही. मामाजींना आता जोर चढला. सातपुड्यातून येणारे नाले आपल्याबरोबर गोटे-वाळू आणतात आणि पायथ्याशी टाकून देतात. या भरड थरात पावसाचे पाणी झरझर जिरते. म्हणून पायथ्याच्या विहिरी गोड. आणि तेथून दहा-वीस किलोमीटर दक्षिणेला, चिकणमातीच्या प्रदेशात गेले, की खारट. "एकच आभाळ, एकच पाऊस," मामाजी म्हणाले, "फरक खालच्या अंथरुणाचा."

शहानूर हे गडाखालचे गाव. वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली, पैसे भरले. नरनाळा आता अभयारण्य आहे आणि १९७४ साली स्थापन झालेल्या मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. आगपेटी पेटवायची नाही, चूल मांडायची नाही, आरडाओरडा करायचा नाही. रोडगे भाजण्याचा बेत ज्यांच्या मनात असेल त्यांनी तो घरच्या परसात पार पाडावा. मोटार वरपर्यंत जाते. पण पाय धड असतील त्याने जुन्या वाटेने, दरवाजांमधून चढावे.

बरोबर वाट दाखवायला एक कोरकू तरुण आला. साग, सालई, मोह, तेंदू, आवळा, प्रत्येक झाडाशी त्याची ओळख. दिवाळीचे दिवस म्हणजे सीताफळांचे दिवस. डोळे उघडलेली फळे झाडावर लोंबत होती. त्याचे मूळ गाव आत जंगलात होते. वाघासाठी गाव उठले आणि अकोटच्या बाजूला नवी वस्ती झाली. अशी कितीतरी गावे उठली. काहींना नव्या जागी करमले नाही, मिळायचे ते पुरते मिळाले नाही म्हणून माणसे पुन्हा जंगलात शिरली, आणि जानेवारी २०१९ मध्ये खात्याच्या माणसांशी त्यांची झटापटही झाली. नव्या वस्तीत कसे वाटते, असे वहिनींनी त्याला विचारले. तो म्हणाला, "शाळा जवळ आहे, दवाखाना जवळ आहे. झरा दूर गेला."

शहानूर दरवाजा, मेंढी दरवाजा आणि मग तो महाकाली दरवाजा! पांढुरक्या दगडाचा हा दरवाजा १४८७ साली फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने बांधला. फुललेली कमळे, नाजूक जाळ्या, बाहेर आलेले सज्जे आणि कपाळावर अरबी अक्षरांच्या ओळी. बांधणारा माणूसही न्यारा. हा विजयनगरकडचा, जन्माने हिंदू. लढाईत लहानपणी पकडला गेला, वऱ्हाडात वाढला, बहामनी राज्याचा सुभेदार झाला आणि १४९० मध्ये स्वतंत्र होऊन त्याने इमादशाही स्थापली. दैवगती अशी, की त्याच्या वंशातला शेवटचा बालराजा बुऱ्हाण याला त्याच्याच प्रधानाने याच गडावर कैदेत ठेवले. १५७४ साली अहमदनगरच्या निजामशहाने गड घेतला आणि इमादशाही संपली. पुढे अकबराच्या काळात नरनाळा ही वऱ्हाड सुभ्यातली एक सरकार होती; 'ऐन-ए-अकबरी'त तशी नोंद आहे.

एवढ्या सुंदर दगडावर आधुनिक शिलालेखही आहेत. बदामाची आकृती, तिच्यातून आरपार गेलेला बाण आणि दोन्ही टोकांना नावे. पाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने आपले नाव कोठे कोरले नाही. त्याला कमळे कोरण्यातून सवड झाली नसावी. वहिनींनी दरवाजापासून वर तळ्यापर्यंत रिकाम्या बाटल्या वेचल्या. दोन पोती झाली. ज्या वऱ्हाडात गाडगेबाबा खराटा घेऊन गावोगाव फिरले त्याच वऱ्हाडातली माणसे या बाटल्या टाकून गेली होती.

वर पोहोचल्यावर दक्षिणेच्या तटावर बसून डबे उघडले. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंची. अकोला हजाराच्याही खाली. सारे खोरे पायाशी अंथरल्यासारखे दिसते. मामाजींनी बोटाने अडगावची दिशा दाखविली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेथे वेलस्लीने भोसले-शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. त्याआधी त्याचा तळ आमच्या अकोल्याला पडला होता. त्यानंतर पंधरवड्यात गाविलगड पडला आणि वऱ्हाडचे भवितव्य बदलले. आता त्या रणात कपाशी फुटली होती. उन्हात ते सारे सपाट रान थरथरत होते, आणि क्षणभर खरोखरच समुद्र असावा असा भास झाला. भाच्याने छायाचित्र घेतले. जयहिंद चौकात दाखवायला!

पण नरनाळ्याला जाऊन तट, तोफ आणि दरवाजे एवढेच पाहणाऱ्याने अर्धा गड पाहिला. नऊगजी तोफ पाहावी, राणीमहाल पाहावा. मग गडाचे पाणी पाहावे. शक्कर तलाव हा मोठा, आणि त्याच्या भोवती ठिकठिकाणी लहान तळी. चार टाकी तर दगडी ओट्याने वरून झाकलेली. ओट्याला लहान भोके, त्यांतून पोहरा सोडायचा. ऊन लागत नाही, पाणी उडून जात नाही, कचरा पडत नाही. ही टाकी इमादशाहीच्याही आधीची मानतात. जागोजागी पन्हळी, मोऱ्या, पाटांचे अवशेष. कोणत्या वाड्याच्या छपराचे, कोणत्या अंगणाचे पाणी कोठे वळवायचे, याचा पुरता हिशेब केलेला.

मामाजी त्या पाटांवरून मुलासारखे ओणवे होऊन फिरले. मग टाक्याच्या कडेवर बसून त्यांनी आम्हाला साधे गणित घातले. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर किती पाणी होते? कोणी सांगेना. एक लाख लिटर! आमच्या भागात पाऊस वर्षाला तीस इंचांच्या आसपास. म्हणजे दर एकराला वर्षाकाठी तीस लाख लिटर आभाळातून फुकट येतात. "या लोकांपाशी ना पंप, ना सिमेंट," ते म्हणाले. "गडावर नदी नाही. वेढा पडला तर खाली उतरता येत नाही. तेव्हा जे वरून पडेल ते पडेल तेथेच धरायचे, एवढे एकच त्यांना ठाऊक होते. त्यावर गड शतकानुशतके जगला."

तळ्यांना दंतकथा चिकटलेल्या आहेतच. वाघावर स्वार होणाऱ्या अवलियाची, बाघसवार वलींची, दर्गा गडावर आहे. तिथे सर्व जातिधर्मांचे लोक येतात. धोबी तलावाच्या तळाशी परीस आहे, अशी एक कथा. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला जुनी माणसे छप्पन्नाचा दुष्काळ म्हणतात, तळे आटले. पण परीस काही सापडला नाही. सापडणार कसा? त्या वर्षी ज्याच्या घरी घागरभर पाणी होते त्याच्याच घरी परीस होता.

उतरताना ऊन कलले होते. पायथ्याच्या एका विहिरीवर आजींचा डबा भरला. तळ्यातले पाणी नव्हे. ते पाहायचे, प्यायचे नव्हे. शेतकऱ्याने विचारले, "कोनासाठी नेता जी?" सांगितले तेव्हा त्याने आपल्याकडचा आणखी एक डबा आणून भरून दिला, आणि पैशांची गोष्ट काढताच रागावला.

खेड्यात पोहोचलो तेव्हा ओट्यावर पणत्या लागत होत्या. आजींनी आधी तांब्याभर पाणी तुळशीला घातले, मग एक घोट स्वतः घेतला, डोळे मिटून. "हे आमच्याच इकडलं," म्हणाल्या. सुनेला हाक मारली : "आज वरन लाव व. शिजन लवकर." नको-नको म्हणत असता काकूंच्या ओच्यात करंज्या घातल्या. त्या करंज्यांच्या सारणाला काकू अजून वाखाणतात.

दोन डबे पाण्याने खारपाणपट्टा गोड होत नाही, हे मामाजींनी परतीच्या वाटेवर सांगितले, आणि ते सांगणे त्यांचे कामच होते. वानच्या पाण्यावर आधी कोणाचा हक्क, शेताचा की घागरीचा, जवळच्या गावांचा की दूरच्या शहराचा, यावरून अकोट-तेल्हाऱ्याकडे मोर्चे निघाले आहेत. शहरातल्या नळाला पाणी आले नाही तर आम्ही आरडाओरडा करतो; आमच्या तोटीत येते ते काटेपूर्णेवरच्या महानच्या धरणाचे पाणी, तेही कोणाच्या तरी शिवारातून आलेले. पण वाटण्याच्या भांडणाआधी धरण्याची गोष्ट आहे. खारपाणात विहीर खणून उपयोग नाही, हे ठरलेलेच. मग तेथे गडाचाच कित्ता गिरवला पाहिजे : पावसाचे पाणी जमिनीत मुरून खारट व्हायच्या आत वरच्यावर धरायचे. शेतात शेततळे, घराला पन्हळ, पन्हळीखाली झाकलेले टाके. काही शेतकऱ्यांनी शेततळी करून त्यांवर हरभरा ओलितला आहे. जे चारशे-पाचशे वर्षांपूर्वी डोंगराच्या माथ्यावर जमले ते सपाटीवर जमू नये, असे काही नाही. पाटबंधारे खात्यात उभी हयात घातलेला माणूस हे म्हणत होता, म्हणून ते येथे लिहून ठेवतो.

तेव्हा मंडळी, आकाशकंदील उतरवून झाले की एक दिवस काढा. जाताना भाकरी न्या, आगपेटी घरी ठेवा, बाटली नेली तर परत आणा. महाकाली दरवाजापाशी थांबा, पण पुढे जाऊन टाक्यांच्या भोकांतूनही डोकावा. खारपाणातून जाताना मोटार थांबवून एखाद्या ओट्यावर पेलाभर पाणी मागून पाहा, आणि येताना पायथ्याच्या विहिरीवरून एक डबा भरून घ्या. कोणाला द्यायचा, हे वाटेत कळेलच. अंदमानची छायाचित्रे दाखवणाऱ्या शेजाऱ्यालाही बरोबर न्या. मोटारीत एक जागा असतेच.